डाळ तपासली, भिंतीपलीकडच्या गव्हाचे काय?

प्रति,
ग्वाल्हेर शहरातील अन्न, पाणी आणि घरगुती विषांच्या तपासणीची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी

महोदय,

मी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहते आणि घरून जेवणाचे डबे देते. सून आणि मी मिळून स्वयंपाक करतो, मुलगा डबे पोचवतो. शिकायला आलेली मुले, एकटे राहणारे नोकरदार आणि ज्यांच्याच्याने आता गॅसपुढे उभे राहवत नाही अशी दोन-तीन म्हातारी जोडपी आमच्याकडून डबा घेतात. अन्न व्यवसायाचे नोंदणीपत्र पहिल्या वर्षीच काढले. ते स्वयंपाकघराच्या दाराशी, आल्यागेल्याला दिसेल असे लावले आहे.

या पत्राची हिंदी प्रत तुमच्या कार्यालयांत रीतसर दिली आहे. मराठीत लिहिते आहे ते आमच्या गल्लीबोळांतल्या मराठी घरांसाठी, कारण ज्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे ती याच घरांच्या कोठीच्या खोल्यांमध्ये घडते.

निमित्त आहे मला आलेल्या दोन ओळींच्या उत्तराचे. माझ्या स्वयंपाकघरातून घेतलेला नमुना मानकांप्रमाणे निघाला, म्हणून प्रकरण बंद करण्यात आले, एवढेच त्यात आहे. माझ्यावरचा आळ गेला याचे समाधान आहे. पण प्रकरण बंद करण्याचा निर्णय मला मान्य नाही. एक चार वर्षांची मुलगी मरता मरता वाचली आणि ती कशाने आजारी पडली त्याचा त्या कागदावर उल्लेखही नाही.

झाले ते असे. वैशाख होता, वर्षाचा गहू भरून ठेवायचे दिवस. आमच्या शेजारचा जुना वाडा मधे भिंती घालून वाटून घेतलेला आहे. एका भागात भाडेकरू कुटुंब राहते, नवरा-बायको आणि दोन मुले, आणि त्या दिवशी रात्रीचा डबा त्यांनी आमच्याकडून घेतला होता. पहाटे चौघांनाही उलट्या सुरू झाल्या, पोटात आग पडली, धाकट्या मुलीला श्वास घेता येईना. दवाखान्यात पहिला प्रश्न जो विचारतात तोच विचारला गेला: रात्री काय खाल्ले? उत्तर होते, डबा. दुपारपर्यंत अन्न तपासणीचे लोक माझ्या ओट्यापाशी उभे होते.

त्या अधिकाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. काम त्यांनी चोख केले. डाळ ढवळून चार स्वच्छ बरण्यांत सारखी भरली, बरण्या जाड कागदात गुंडाळल्या, वरपासून खालपर्यंत पट्टी चिकटवली आणि पट्टी आणि कागद दोन्हींवर उमटेल अशी माझी सही घेतली. मग दोरा, मग लाख, लाखेवर शिक्का. डाळीचे पैसेही दिले आणि पावती घेतली, कारण नमुन्याचे पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. गल्ली दारात जमली होती. दुसऱ्या दिवशीपासून अर्धे डबे बंद झाले. बंद करणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

संध्याकाळी दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी मुलीच्या वडिलांना वेगळाच प्रश्न विचारला. घरात किंवा शेजारी कुणी धान्यात गोळी ठेवली आहे का? खोलीत लसणासारखा वास येत होता का? वास येत होता. भिंतीच्या पलीकडच्या खोलीत वर्षाचा गहू भरलेला होता, त्यात फडक्यात बांधून गोळ्या ठेवल्या होत्या, आणि खिडक्या लावून, दाराला कुलूप घालून ती मंडळी लग्नाला गावी गेली होती. भिंत जुनी, चुन्याची, कडीपाटाच्या खाली भेगाळलेली. कुलूप उघडून गहू बाहेर काढला तेव्हा सगळ्यांना कळले. मुलगी पुढे बरेच दिवस दवाखान्यात होती. ती वाचली.

डाळीच्या चार बरण्या झाल्या, पण त्या गव्हाचा पंचनामा कुणी केला नाही. गोळ्या कुठल्या दुकानातून आल्या हे आजतागायत कुणी विचारलेले नाही. मी स्वतः एका कार्यालयात गेले तर उत्तर मिळाले की कीटकनाशक हा अन्न विभागाचा विषय नाही, शेती विभागाकडे जा. तिथे गेले तर घरातला मामला आहे, पोलिसांत तक्रार द्या. शेजाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा अशी माझी इच्छा नाही. त्यांनी तेच केले जे या शहरात शेकडो घरे दर उन्हाळ्यात करतात, आणि ती गोळी काय आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नव्हते.

ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. लोक सल्फास म्हणतात. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम वायू निघतो. तो हवेपेक्षा थोडा जड असतो, फटीतून, दाराखालून, भिंतीच्या भेगेतून सरकतो. गोदामात ताडपत्री लावून, दारे सील करून, माणसे लांब ठेवून वापरायची ही वस्तू आहे. शरीरात गेल्यावर तिच्यावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि हृदय सांभाळतात आणि शरीर स्वतः सावरण्याची वाट पाहतात, त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नसते.

कायदा याबाबत झोपलेला नाही. केंद्राच्या नियमांनुसार ही गोळी सरकारी संस्थांनी किंवा कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्यांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखालीच वापरायची आहे. 3 ग्रॅमच्या 10 आणि 20 गोळ्यांच्या ज्या नळ्या पूर्वी मिळत, त्यांचे उत्पादन, विक्री आणि वापर 2001 सालीच पूर्ण बंद केला गेला. 1971 चे कीटकनाशक नियम सांगतात की विष इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावे. आणि आमच्याकडे किराणा दुकानात जिरे-मोहरीच्या शेजारच्या फळीवरच्या डब्यातून कागदाच्या पुडीत दोन-चार गोळ्या बांधून मिळतात. डब्यावर कवटीचे चित्र असेल, लाल खूण असेल, पण पुडीवर काहीच नसते. पुडी घेणाऱ्या बाईला दुकानदार एवढेच सांगतो, "काकू, हात धुवा."

माझे म्हणणे इथेच आहे. उलटी, पोटदुखी, घाबरे होणे, श्वास लागणे ही लक्षणे शिळ्या पनीरने सुरू होतात, नळात मिसळलेल्या मैल्याने होतात आणि गव्हातल्या गोळीनेही होतात. आजारी पडलेल्या घराला यातले काय झाले ते कळत नाही. कळणार कसे? ते शोधून काढायला तुम्ही आहात. पण तुमच्यातला प्रत्येकजण आपापल्या खात्याची वस्तू तेवढी तपासतो, ती निर्दोष निघाली की फाइल मिटतो. पाण्याचे लोक नळाशी थांबतात, अन्नाचे ताटाशी. विषाकडे बघणारे तर घरापर्यंत येतच नाहीत. जेवायचे ताट एकच, पाणी प्यायचा पेला त्याच ताटाशेजारचा आणि विषाची पुडी त्याच खोलीच्या फळीवर, तरी तपासणी मात्र तुकड्यांत होते आणि मधल्या जागेत माणूस मरतो.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण पावसाळ्यात माझे निम्मे गिऱ्हाईक पोटाच्या आजाराने डबा परत पाठवते.

या शहराने पाण्याचा विचार फार पूर्वी केला होता. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण 1916 साली झाले, विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे त्याला बसवले होते. पुढच्याच वर्षी ते फुटले, पुन्हा उभे केले आणि आजही लष्कराचे माठ त्याच पाण्याने भरतात. मोतीझीलच्या शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याबद्दल मला शंका नाही. ते बिघडते आमच्या गल्लीत. माझ्याबरोबर चला, दाखवते: घराघरांत जाणारे अर्ध्या इंची लोखंडी नळ उघड्या नालीच्या पोटातून गेलेले आहेत. एका सांध्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तारेने आवळलेली आहे, आणि तिच्यावरून काळे पाणी वाहते. नळ चालू असतो तोवर आतला दाब घाण बाहेर ठेवतो. पाणी बंद झाले, पाइप रिकामा झाला की तोच सांधा नालीतले पाणी आत ओढतो. त्यात घरोघरी थेट नळाला लावलेल्या टुल्लू पंपांची ओढ. दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांचे पाणी कुणीही नाकाला लावून पाहावे.

भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही असता कामा नये, आणि लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरलेले असावे. हे मोजायला प्रयोगशाळाही लागत नाही. नळीत पाणी घ्यायचे, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. मी ती छोटी पेटी आणून ठेवली आहे. टाकीजवळच्या नातेवाइकांकडे रंग छान येतो. आमच्याकडे, ओळीच्या शेवटच्या घरात, पावसाळ्यात पाणी जसेच्या तसे पांढरे राहते. नमुना घेणारे कर्मचारी येतात ते टाकीपाशी. मला आनंद आहे की टाकीचा अहवाल चांगला येतो. पण टाकीपाशी कुणी पाणी पीत नाही.

आणि क्लोरीन सापडले म्हणजे सगळे साधले असेही नाही. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी घुसले. क्लोरीन वाढवले, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण काविळीने सुमारे 29,000 लोक आजारी पडले. म्हणून मैला पाण्यापर्यंत पोहोचूच नये, हे काम पहिले.

हे मी लांबचे आणि जुने सांगते आहे असे वाटत असेल तर इंदूर जवळ आहे. डिसेंबर 2025 मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या मुख्य वाहिनीत मैल्याचे पाणी शिरले, वस्तीच्या वस्ती आजारी पडली, माणसे गेली. पाण्याला वास येतो हे तिथले लोक आधीपासून सांगत होते. देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून 2017 पासून ओळीने गौरवले गेलेले ते शहर आहे. तिथे हे झाले तर आमच्या सायकलच्या ट्यूबने आवळलेल्या सांध्याचा काय भरवसा?

अन्नाबद्दल तक्रार अशी की तुम्ही सणाला येता. दिवाळीच्या आधी मावा, म्हणजे खवा, होळीच्या आधी मावा. भिंड-मुरैन्यात 2019 च्या जुलैत पोलिसांच्या विशेष पथकाने नकली दुधाचे कारखाने पकडले तेव्हा सण नव्हता, साधा पावसाळा होता. दूध आम्ही रोज पितो. मोहरीचे तेल रोज वापरतो, आणि आपला सगळा पट्टा मोहरीचा आहे. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीत मिसळले की पाय सुजतात, हृदय निकामी होते. 1998 मध्ये दिल्लीत त्याने साठाहून अधिक लोक गेले. घाण्यावरचे सुटे तेल शेवटचे कधी तपासले, ते मला वाचायला मिळावे. बाकी चाटच्या गाड्या, छापील कागदात बांधलेली भजी यांवर वर्तमानपत्रे पुष्कळ लिहितात, मी लिहीत नाही.

घरातल्या इतर विषांविषयी दोनच वाक्ये. संडास धुण्याचे सुटे अॅसिड आजही पाण्याच्या आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून विकतात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले होते की विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, अठरा वर्षांखालील मुलाला देऊ नये, आणि तरी आमच्या गल्लीत ते आणायला मुलांनाच पाठवतात.

मनुष्यबळ कमी आहे हे मला माहीत आहे. शहर वाढले, तुमची माणसे वाढली नाहीत. नमुने वर्षानुवर्षे भोपाळला पाठवावे लागले, तिथेही ढीग. कायद्यात विश्लेषकाला 14 दिवसांची मुदत आहे. माझ्या वैशाखातल्या डाळीचे उत्तर आले तेव्हा गल्लीत पाणी साचायला लागले होते. त्या काळात गल्लीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्याची भरपाई मी मागत नाही. मी जे मागते आहे त्यातल्या बहुतेक गोष्टींना नवी भरती लागत नाही.

बंद केलेले प्रकरण पुन्हा उघडा. गोळ्या विकणारे दुकान शोधा आणि त्या दुकानाबरोबर दाल बाजार ते नया बाजार सगळीकडे कुठे काय सुटे विकले जाते ते पाहा. हे काम फाल्गुनात करा. वैशाखात गहू घरात येऊन पडलेला असतो.

एकाच घरातली दोन किंवा अधिक माणसे एकाच वेळी आजारी पडून दवाखान्यात आली, तर जो कुणी अधिकारी आधी पोहोचेल त्याने तिन्ही गोष्टी विचाराव्यात: काय खाल्ले, कुठले पाणी प्यायले, घरात वा शेजारी कुठले औषध, गोळी, फवारा वापरला. एका कागदावर तीन प्रश्न. तो कागद त्याच दिवशी बाकी दोन खात्यांना जावा. साथींची खबर ठेवणारी जिल्ह्याची यंत्रणा 2004 पासून आहेच, तिच्याकडेही जावा. दवाखान्यांनाही हे लेखी कळवा, म्हणजे प्रश्न एखाद्या जागरूक डॉक्टरच्या सुचण्यावर राहणार नाही.

पाण्याचा नमुना ओळीच्या शेवटच्या घरातून घ्या, नळ येताच पहिल्या पाण्याचा. निकाल दर आठवड्याला वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लावा, तारखेसह, गल्लीच्या नावासह. आणि नालीतून गेलेले नळ पुढच्या पावसाळ्याआधी वर उचला. कुठले, ते दाखवायला आम्ही गल्लीतल्या बायका येऊ.

अन्नाच्या नमुन्यांचे निकालही असेच लावा. दोषी निघालेल्यांचेच नव्हे, निर्दोष निघालेल्यांचेही. ज्यांच्या दारात चार बरण्या भरल्या जातात त्यांच्याबद्दल गल्लीला दुसरे टोक कधी कळतच नाही. शिवाय कुठल्याही ग्राहकाला फी भरून विकत घेतलेला पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, ही सोय कायद्याच्या 40 व्या कलमात आहे. ती या शहरात कुठे, कोणत्या खिडकीवर मिळते, एवढे जाहीर करा.

दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र चोवीस तास चालते, त्याचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे. तो रेशन दुकानांवर, अंगणवाड्यांत, शाळांत, औषधांच्या दुकानांत लिहून लावा. गहू भरायच्या दिवसांत कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरून रोज सांगा की राहत्या घरात ही गोळी ठेवू नका. गाडी प्रत्येक दारात येते, आणि तेवढा वेळ बायका दारात उभ्याच असतात. गहू वाळवून कडुनिंबाच्या पाल्यात किंवा एरंडेल चोळून ठेवण्याची रीत आमच्या सासवांना येत होती. तीही त्याच भोंग्यावरून सांगता येईल.

माझे स्वयंपाकघर न सांगता केव्हाही येऊन तपासा. मी हे मनापासून लिहिते आहे. नियमाने चालणाऱ्याला तपासणीचा त्रास नसतो, उलट स्वस्त तेल आणि रंगवलेली डाळ वापरून माझ्याहून कमी दरात डबा देणाऱ्यांसमोर टिकून राहायला मला तुमचीच मदत लागते. फक्त येताना पाण्याच्या माणसाला बरोबर आणा, आणि ओट्याखालचे कपाटही उघडून पाहा.

या पत्राला उत्तर गल्लीच्या नावाने द्या, वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर. तीस दिवस वाट पाहून आम्ही सह्यांचे निवेदन आणि नळांचे फोटो घेऊन जनसुनावणीला येऊ.

आपली,
लष्करात डबे करणारी एक गृहिणी
ग्वाल्हेर